भिंतीला घाम कुठून येतो?

इयत्ता : नववी-दहावी
घटक : उष्णता – दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता
वेळ : वर्गात दोन तासिका, घरी दोन दिवस

जुलैत वह्या तपासायला घेतल्या की तीन-चार वह्या हमखास अशा निघतात. पानं मऊ पडलेली, कडेला काळे ठिपके, आणि उघडल्याबरोबर कुबट वास. पूर्वी मी अशा वहीवर 'नीटनेटकेपणा हवा' असा लाल शेरा मारून मोकळी व्हायचे. एका वर्षी एकाच मुलाच्या वहीवर तिसऱ्यांदा तो शेरा मारायची वेळ आली, तेव्हा त्याला विचारलं, "दप्तर ठेवतोस कुठे रे?" तो म्हणाला, "कपाटाच्या मागं खुंटीला, बाई. तिथंच जागा आहे." भाड्याची एक खोली, माणसं चार. त्या भिंतीला आईनं दोनदा रंग दिला होता, दोन्ही वेळा महिन्याभरात डाग वर आले. घरमालक म्हणे, तुम्हीच खोली नीट ठेवत नाही. मुलगा रात्रभर खोकायचा, ते वेगळंच.

दहावीच्या पुस्तकात दवबिंदू आणि सापेक्ष आर्द्रता आहे. आपण ती गणितं सोडवून घेतो, गार पाण्याच्या पेल्याचं उदाहरण देतो आणि पुढे जातो. त्या वर्षी मी हा घटक जुलैतच घेतला आणि नववीच्या मुलांनाही बसवलं. तेव्हापासून तो दरवर्षी पावसातच घेते.

सुरुवात स्टीलच्या पेल्यापासूनच. पेल्यात पाणी घ्या, बर्फाचे तुकडे एकेक करून टाका, तापमापी बुडवून ठेवा. बाहेरून पेला धूसर झाला त्या क्षणीचं तापमान म्हणजे दवबिंदू. कोकणात किंवा मुंबईच्या बाजूला भर पावसात हा आकडा हवेच्या तापमानाच्या अगदी दोन-तीन अंश खाली येतो. मग मुलांना विचारायचं, घरातली कोणती जागा हवेपेक्षा दोन-तीन अंश गार असते? उत्तरं पटापट येतात : लादी, पाण्याचा माठ, पश्चिमेची भिंत, लोखंडी कपाटाची पाठ. या जागांना 'घाम' का फुटतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतरचं गणित मात्र फळ्यावर सावकाश करा. खोली धरा १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावतं. म्हणजे अख्ख्या खोलीच्या हवेत पाऊण किलोच्या थोडं वर, बस्स. आणि सापेक्ष आर्द्रता आधीच ८५ टक्के असेल, तर उरलेली जागा फक्त सव्वाशे ग्रॅमच्या आसपास!

आता दुसरी बाजू. मुलांना सांगा, एका दिवसाचे धुतलेले कपडे पिळून तराजूवर ठेवा, वाळल्यावर पुन्हा ठेवा. चौघांच्या घरात दीड-दोन किलोचा फरक सहज पडतो. तेवढं पाणी हवेत गेलं. शिवाय एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी तयार होतं (प्रोपेन-ब्यूटेनच्या ज्वलनाचं समीकरण मुलांकडून संतुलित करून घ्या, रसायनशास्त्राची उजळणी होते). भाताची वाफ, आंघोळीची वाफ, झोपेतला आपला श्वास आहेच. खिडकी बंद, दोरीवर कपडे, हवेत जागा सव्वाशे ग्रॅम. मग पाणी जाणार कुठे? वर्गात इथे शांतता पसरते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "गादीत!" बरोबर. गादीत, भिंतीत, कपाटामागे, वहीत.

पण प्रत्येक ओल घरातलीच असते असं नाही, आणि हे ओळखता आलं नाही तर पैसे वाया जातात. त्यासाठी घरचा प्रयोग. डागाजवळची भिंत कोरड्या फडक्यानं पुसून वीतभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावायचं आणि दोन दिवसांनी बघायचं. थेंब प्लास्टिकच्या आपल्या बाजूला असतील तर पाणी खोलीतल्या हवेचं. प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. भिंतीतून येत असेल तर डागाची जागा पाहा. जमिनीपासून दोन-तीन फूट वर चढलेली ओल आणि पांढरा लोणा दिसला तर पाणी केशाकर्षणानं पायातून चढतंय. छताला किंवा खिडकीच्या कोपऱ्यात, जोराच्या सरीनंतर डाग वाढत असेल तर ती गळती.

गळतीचं काम बाहेरून, पावसाआधी करायचं. पायातून चढणारी ओल असेल तर जोत्याला टेकलेली माती काढणं, पागोळ्यांचं पाणी चर खणून लांब नेणं इथून सुरुवात. आतून ऑइलपेंट फासला तर पाणी अडत नाही, आणखी वरून फुटतं. जुन्या घरांच्या उंच जोत्यांना आणि चुन्याच्या भिंतींना नावं ठेवताना आपण हे विसरतो. चुन्यातून ओल बाहेर तरी पडते.

ओल हवेतली असेल तर उपाय फुकटाचे आहेत, पण सवयीचे आहेत. कपडे पडवीत किंवा गॅलरीत, वळचणीखाली. घरातच वाळवावे लागले तर एकाच जागी, खिडकी उघडी आणि पंखा खिडकीकडे तोंड करून. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण, खिडकी उघडी. आंघोळीनंतर मोरीचं दार बंद, झरोका उघडा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. बाहेर धो धो पाऊस असताना सगळं घर सताड उघडं ठेवून भागत नाही, ती दमट हवा गार लादीवर येऊन घाम आणते. उघडीप पडली की तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या.

ऊबेचंही इथेच सांगते. २५ अंशांची पूर्ण ओली हवा ३० अंशांपर्यंत तापवली, पाणी तेवढंच ठेवलं, तर सापेक्ष आर्द्रता १०० वरून सुमारे ७६ टक्क्यांवर येते. म्हणून आजीच्या चुलीवरच्या माळ्यावर मिरच्या, बियाणं टिकायचं. पण त्याच चुलीच्या धुरानं तिचे डोळे आणि छाती गेली, हेही मुलांना सांगा. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कपडे वाळवणं कधीच नको, कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. (कपाटात दिवा लावायची जुनी युक्तीही आता चालत नाही. एलईडी फारसा तापत नाही आणि जुना बल्ब कपड्यांना टेकला तर आग.)

ओलसर, बुरशी आलेल्या घरात दम्याचा त्रास आणि श्वसनाचे आजार वाढतात, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत नोंदवलं आहे. मुलाचा खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच, आणि त्यांना घरातली ओलही सांगा. आपणहून कोणी सांगत नाही. बुरशी पुसताना नाकाला फडकं, साबणाचं पाणी, मग जागा पूर्ण कोरडी. नुसता वरून रंग मारला की ती आत सुखानं वाढते.

शिक्षकांना एक विनंती. या प्रयोगाचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर मागवू नका. कोणाच्या भिंतीला काय लागलंय ते चाळीस पालकांनी बघायची गरज नाही. मी फक्त चिठ्ठी मागवते, नाव न घालता : थेंब आत की बाहेर, आणि डागाची उंची.

त्या मुलानं मात्र आपलं उत्तर स्वतःच येऊन सांगितलं. कपाटामागचे थेंब बाहेरच्या बाजूला होते, पण खिडकीखालच्या प्लास्टिकमध्ये आतल्या बाजूला. म्हणजे अर्धी ओल त्यांची, अर्धी घरमालकाची. कपाट पुढे ओढलं, दोरी बाहेर गेली, दप्तर दाराजवळच्या खुंटीवर आलं. खिडकीखालचं प्लास्टिक आईनं तसंच ठेवलं, घरमालक भाडं घ्यायला येईपर्यंत.