ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार कां उतरते?

कोराडीस आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी वर्षांत दोनदां बसली. ऐन पेरणीचा वाफसा निघून गेला. तिसरी घेण्यापूर्वी आम्हीं कारण शोधिलें. रात्रभर स्वस्थ राहिलेली १२ व्होल्टची भरलेली बॅटरी मीटरवर सुमारें १२.६ दाखविते, इंजिन चालू होतांच आंकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. आमचा चढेना, कारण अल्टरनेटरचा पट्टा सैल होता. तो ताणतांच दोष गेला. आंकडा चढूनही बॅटरी उतरत असेल, तर तारांच्या टोंकांवरील क्षार घासून काढावा व बंद ट्रॅक्टरांत वीज कोठें खर्च होते तें पाहावें. नागपुरी उन्हाळ्यांत बॅटरींतील पाणी आटतें. प्लेटा उघड्या पडण्यापूर्वी डिस्टिल्ड पाणीच घालावें, ॲसिड नव्हे. कारण शोधल्यावांचून नवी बॅटरी घेणें म्हणजे फाटक्या मोटेनें पाणी ओढणें होय.