चोरीस: एका नावाच्या मागावर

१. नाव आधी कानांनी ऐकावं, कोश मग उघडावा. गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विक्रेत्या बायका डुकराच्या मांसाच्या सॉसेजला 'चोरीस' म्हणतात, आणि तो 'च' मोलाचा आहे. आजचा लिस्बनकर याच पोर्तुगीज शब्दाचा उच्चार 'शोरीसु' असा करतो. मग गोव्यात 'च' आला कुठून? पोर्तुगीज 1510 मध्ये गोव्यात आले, तेव्हा त्यांच्याही तोंडी 'च'च होता. लिस्बनकडे त्याचा 'श' पुढे झाला. इकडे रुजलेला शब्द जुन्या उच्चारासह टिकला. पुरावा आपल्या खिशातच आहे: 'चावी' हाही पोर्तुगीजांकडून आलेला शब्द, आणि त्याचाही तिकडे 'श' झाला, आपल्याकडे नाही. या शोधातलं मला सगळ्यात आवडलेलं हेच.

२. ओढूनताणून व्युत्पत्ती लावू नये. चोरीसचा चोरीशी काडीचाही संबंध नाही. स्पॅनिश 'चोरिझो' आणि हा शब्द एकाच कुळातले. अनेक जण त्यांचं मूळ 'खारवलेलं' या अर्थाच्या लॅटिन शब्दात शोधतात. स्पॅनिश अकादमीचा कोश मात्र मूळ अनिश्चित असल्याचं सांगतो. मला कोशाचा हा सावधपणा पटतो.

३. नाव तेच राहिलं, तरी आतला पदार्थ बदलतो. मिरची अमेरिकेतली. म्हणजे 1492 पूर्वी युरोपातल्या कुठल्याच चोरिझोत ती नव्हती. स्पेनमध्ये पुढे धुरावलेल्या मिरचीची पूड आली. गोव्यात डुकराच्या मांसाला लाल मिरची, लसूण आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर लावतात, ते आतड्यात भरून उन्हात वाळवतात, कुठे चुलीवर धुरीही देतात. जपमाळेसारखे ओवलेले छोटे मणी बाजारात लोंबत असतात. स्पेनमधलं चोरिझो बऱ्याचदा काप करून तसंच खातात. गोव्याचं चोरीस कच्चं असतं, शिजवावंच लागतं. वरचं आवरण सोलायचं, मांस कांद्याबरोबर थोड्या पाण्यात शिजवायचं. तेल घालायचं नाही. काही वेळात त्याचीच लालभडक चरबी कढईभर सुटते.

४. पावसाळ्याची बेगमी म्हणजे गोव्यातलं 'पुरुमेंत', हाही पोर्तुगीजांकडूनच आलेला शब्द. मे महिन्याच्या सुमारास मडगावला त्याचं फेस्त, म्हणजे जत्रा, भरतं. पावसात मासेमारी थांबली की घरात टांगलेली चोरीसची माळ कामी येते.

५. गोव्यात गेलात तर 'गोवन सॉसेज' मागू नका. 'चोरीस' म्हणा, आणि 'च' ठसठशीत उच्चारा.