आपली पत आपण राखावी

शेतीस बियाणे, खत व पाणी जितके आवश्यक, तितकेच वेळेवर मिळणारे भांडवलही आवश्यक असते. कांद्याची रोपे लागणीस आली असता कर्ज महिनाभर अडकले, तर हंगाम हातचा जातो आणि शेतकऱ्यास पुन्हा सावकाराचे दार गाठावे लागते. म्हणून जमिनीच्या कसाप्रमाणे आपल्या पतीचीही जोपासना करावी.

१८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे व आसपासच्या भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. आपल्या नावे कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांपैकी बहुतेकांस वाचता येत नव्हते. आजही आपल्या कर्जाची नोंद दुसऱ्याच्या दप्तरी असते. फरक इतकाच की, ती मागवून वाचण्याचा हक्क आता आपणांस आहे.

पतगुणांक म्हणजे काय?

बँका आपल्या कर्जखात्यांची माहिती पतमाहिती कंपन्यांस नियमित देतात. या कंपन्यांचे काम २००५ च्या कायद्यानुसार चालते. देशात अशा चार कंपन्या असून, त्यांपैकी सिबिल २००० साली स्थापन झाल्याने गावोगाव हेच नाव रूढ आहे. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० असतो. तो जितका अधिक, तितकी पत चांगली.

पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे राज्य शासनाने बँकांना बजावले आहे. तथापि ट्रॅक्टर, घर वा जोडधंदा यांच्या कर्जाच्या वेळी ही नोंद पाहिली जाते.

एक उदाहरण

समजा, एकलहरे येथील एका शेतकऱ्याचे पीककर्ज नियमित आहे. पुतण्याने मोटारसायकल हप्त्याने घेतली, तेव्हा हे काका जामीन राहिले. पुढे हप्ते थकले. दोन वर्षांनी काकांनी ट्रॅक्टरसाठी अर्ज केला आणि तो अडला. स्वतःचा एकही रुपया बाकी नसता असे का व्हावे? कारण जामीनकीची नोंदही त्यांच्याच नावे होती. जामीन राहणे हा केवळ भिडेचा प्रश्न नसून ते कर्जच होय, हे सहीपूर्वी ध्यानी घ्यावे.

काय करावे?

१. हप्ता ठरल्या तारखेस भरावा. यात रोख लाभही आहे. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जास केंद्राच्या योजनेनुसार ७ टक्के व्याज असून, मुदतीत फेडल्यास ३ टक्के सूट मिळते. १ लाखाच्या वर्षभराच्या कर्जावर ही सूट ३,००० रुपये होते.

२. गारपीट वा अतिवृष्टीने पीक गेल्यास गप्प बसू नये. मुदत संपण्यापूर्वीच पंचनाम्याची प्रत घेऊन बँकेत जावे व कर्जाच्या पुनर्गठनाची सोय आहे काय, हे विचारावे.

३. तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटविल्यास तशी नोंद राहते व पत उणावते. शक्य असल्यास पूर्ण फेड करावी. फेड होताच बेबाकी दाखला घेऊन जपून ठेवावा.

४. एकाच वेळी अनेक ठिकाणी कर्जाचे अर्ज करू नयेत.

नोंद चुकीची असल्यास

प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. आपला अहवाल आपणच पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. अहवालात फेडलेले कर्ज बाकी दिसल्यास किंवा परक्याचे खाते आढळल्यास बँकेकडे व कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे घेऊन ‘सिबिल सुधारून देतो’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. खरी नोंद कोणासही पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास पैसे लागत नाहीत. मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक कोणासही सांगू नये.

ग्रामसेवकांस सूचना

हंगामापूर्वी गावात एक बैठक घ्यावी. ज्यांस मोबाईलवर अहवाल काढता येत नाही, त्यांस घरातील शिकत्या मुलामुलींच्या मदतीने तो काढण्यास सांगावे व त्यातील प्रत्येक खाते मोठ्याने वाचून दाखवावे. मात्र दुसऱ्याचा अहवाल चारचौघांत उघड करू नये.

शेताचा बांध पावसापूर्वीच पाहावा लागतो; पतीचेही तसेच आहे. कर्जाची गरज पडण्यापूर्वीच आपली नोंद एकदा पाहून घ्यावी.