घोड्यांच्या कुरणाचे कुंपण

कुंपण म्हणजे जनावरास अडविणारा आडोसा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घोड्याच्या बाबतीत ती अपुरी ठरते. घोडा हा मूळचा मोकळ्या मैदानातील प्राणी होय. भय वाटताच पळत सुटणे, हेच त्याचे संरक्षण. म्हणून त्याचे कुंपण नुसते मजबूत असून भागत नाही. धावत्या घोड्यास ते दुरून दिसले पाहिजे आणि तो त्यावर आदळलाच, तर इजा कमीत कमी व्हावयास हवी.

काटेरी तार या कसोटीस उतरत नाही. अमेरिकेतील जोसेफ ग्लिडन याने १८७४ साली जिचे एकस्व मिळविले, ती तार गुरांसाठी होती. बारीक तार धावत्या घोड्याच्या सहसा ध्यानात येत नाही. पाय अडकला की तो भयाने हिसके देतो. त्याच्या गुडघ्याखाली मांसल भाग जवळजवळ नसतो. कातडीखाली लगेच कंडरा व हाडे असतात. त्यामुळे तेथील जखम गंभीर होते व फार सावकाश भरते. तारेत वाचविलेला पैसा अशा वेळी जनावरासह जातो.

मग खर्च कोठे वाचवावा? प्रथम कुरणाच्या आकारात. १०० मीटर लांब व १०० मीटर रुंद अशा एक हेक्टर कुरणास ४०० मीटर कुंपण लागते; तेवढ्याच क्षेत्राचे कुरण २०० मीटर लांब व ५० मीटर रुंद असेल, तर ५०० मीटर. कोपरे गोलसर ठेवावेत; अरुंद कोपऱ्यात दुबळा घोडा इतरांच्या तावडीत सापडतो.

बाहेरचे कुंपण सुमारे दीड मीटर उंच व भक्कम असावे. आडव्या फळ्या उत्तम, पण महाग. त्याऐवजी खूर आत शिरणार नाही अशी, सुमारे ५ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच छिद्रांची जाळी लावून वर एकच फळी ठोकावी. फळ्या व जाळी खांबांच्या आतील बाजूस असाव्यात, म्हणजे घोड्याच्या रेट्याने त्या निखळत नाहीत.

कुरणाचे आतील भाग पाडण्यास रुंद, पांढऱ्या पट्टीचे विद्युत् कुंपण स्वस्त पडते. त्याचे यंत्र साधारणतः दर सेकंदास एक क्षणिक झटका देते. तो बोचतो, परंतु इजा करीत नाही. घरातील वीज तारेत सरळ सोडणे मात्र माणसांस व जनावरांस प्राणघातक असून बेकायदेशीरही आहे.

जिवंत कुंपण लावावयाचे झाल्यास कण्हेर कटाक्षाने टाळावी. तिची थोडी पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात.

कुंपण उभारल्यावर काम संपत नाही. आठवड्यातून एकदा त्याच्या कडेने फिरून सैल खांब, वर आलेले खिळे व तुटलेली जाळी पाहावी आणि दुरुस्ती त्याच दिवशी करावी.