टोमणा लिहू नये

पोरी, नोकरीला लागलीस. आता दिवसभर लिहिणं आलं: मेल, ग्रुपवरचे निरोप, फाइलवरचे शेरे. माझी सगळी नोकरी सरकारी पत्रव्यवहारात गेली. तिथे जे पक्कं कळलं ते सांगतो. तोंडाने मारलेला टोमणा चहाबरोबर विरतो, लिहिलेला दफ्तरी लागतो. म्हणून हे कानमंत्र.

१. आपला सूर आपल्यालाच ऐकू येतो. "व्वा, काय वेळेवर आलात!" हे लिहिताना सूर तुझ्या डोक्यात असतो, अक्षरांत उतरत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ईमेलमधला आपला उपरोध शंभरात सुमारे ७८ वेळा ओळखला जाईल, असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. वाचणाऱ्यांना तो जेमतेम ५६ वेळा ओळखता आला. म्हणजे नाणं उडवून ठरवलं असतं तरी फार फरक पडला नसता.

२. पाठवण्याआधी वाच. समोरचा आज आपल्यावर रागावलेला आहे, असं धरून एकदा वाच. मग सपाट आवाजात मोठ्याने वाच. दोन्ही वेळा अर्थ तोच लागला तरच पाठव.

३. तक्रार सरळ कर. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहितं, "लिफ्ट काय झकास चालतेय, समितीचे आभार!" सेक्रेटरी हात जोडून धन्यवाद देतात आणि लिफ्ट तशीच बंद राहते. त्यापेक्षा लिही: "बी विंगची लिफ्ट सोमवारपासून बंद आहे. मेकॅनिक कधी येणार, ते आज कळवा." काय झालं, कधीपासून आणि काय हवंय, या तीन गोष्टी आल्या की काम होतं.

४. कागद कुणाच्या हाती पडेल, ते आपल्या हातात नसतं. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडमध्ये बर्फामुळे डॉनकास्टरजवळचा रॉबिन हूड विमानतळ बंद पडला. पॉल चेंबर्स या तरुणाने वैतागून ट्विटरवर लिहिलं की, आठवड्याभरात सुरू करा, नाहीतर विमानतळ उडवून देतो. ओळखीच्यांना ती थट्टा कळली, पोलिसांनी मात्र त्याला अटक केली. दंड झाला, नोकरीही गेली. लंडनच्या उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती जुलै २०१२ मध्ये. तुझ्या निरोपाचाही कुणी स्क्रीनशॉट काढला, की मागचापुढचा संदर्भ गळतो आणि वाक्य तेवढं उरतं.

५. हसऱ्या चेहऱ्यावर भिस्त ठेवू नकोस. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लिफ्टमध्ये पारा सांडल्याची संगणकावर लिहिलेली थट्टा काहींना खरी सूचना वाटली. तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी प्राध्यापक स्कॉट फाहलमन यांनी सुचवलं की, थट्टेपुढे कोलन, आडवी रेघ आणि कंस असा हसरा चेहरा काढावा. तेव्हापासून चेहरे शेकड्यांनी वाढले, गैरसमज काही थांबले नाहीत. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाहून एकाला गंमत वाटते, तर दुसऱ्याला वाटतं, आपल्यालाच हसतायत.

६. गैरसमज झालाच तर लगेच फोन कर. "साधी गंमत कळत नाही का?" हे चुकूनही म्हणू नकोस. त्याने दुखावलेला माणूस मूर्खही ठरतो. "मला असं म्हणायचं होतं, तुम्हाला लागलं, चुकलं माझं," एवढं पुरे. आणि जे चारचौघांच्या ग्रुपवर लिहिलं, त्याची माफी त्याच ग्रुपवर माग. खासगीत मागितलेली माफी बाकीच्यांपर्यंत पोचत नाही.

७. तुला कुणाचं लिहिलेलं बोचलं, तर उत्तर लिहायला बसू नकोस. आधी विचार, "याचा अर्थ काय घेऊ?" निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी समोरासमोर बस. तिथे सूर ऐकू येतो, चेहरा दिसतो आणि शब्द मागेही घेता येतो.