जोडविमान बनवूया : खाली बाँबर, वर फायटर

आज आपण मिस्टल बनवणार आहोत. खाली युंकर्स ८८ ए-४ आणि त्याच्या पाठीवर दांड्यांच्या आधाराने बसवलेलं मेसरश्मिट १०९ एफ-४. वैमानिक फक्त वरच्या विमानात असतो. खालच्यात माणूस नाही, नाकात स्फोटकं भरलेली, आणि लक्ष्य समोर आलं की ते सोडून द्यायचं. मॉडेल ब्लेंडरमध्ये करू आणि उडवू फ्लाइटगिअरमध्ये. दोन्ही फुकट मिळतात, आणि फ्लाइटगिअरला ‘बॉम्बेबल’ हे ॲडऑन बसवलं की हवाई लढतही खेळता येते.

सुरुवातीपासून एकच गोष्ट डोक्यात ठेवा: ही जोडी सुटणार आहे. कुठला भाग कोणाबरोबर जाणार हे आधी ठरलं, की पुढचं सगळं सोपं आहे. ब्लेंडरमध्ये एसी३डीचा एक्स्पोर्टर बसवून घ्या, कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि चला.

तयारी

१. दोन्ही विमानांची तीन बाजूंची रेखाचित्रं आणि जोडीचं बाजूचं चित्र मिळवा. १०९ चं चित्र ‘एफ’चंच हवं: पंखांची टोकं गोलसर, शेपटीच्या आडव्या पंखाखाली काही नाही. टोकं चौकोनी आणि शेपटीला तिरक्या दांड्या दिसल्या तर ते ‘ई’ आहे, बाजूला ठेवा.

२. ब्लेंडरमध्ये नवी फाइल उघडून ठोकळा, कॅमेरा आणि दिवा पुसून टाका.

३. सीन प्रॉपर्टीजमध्ये युनिट मेट्रिक आणि स्केल १ करा. फ्लाइटगिअर एक एकक म्हणजे एक मीटर धरतं. हे आत्ता चुकलं, तर शेवटी दांड्यांची उंची जुळवताना वैताग येईल.

४. नमपॅडवरचं १ दाबा आणि फायटरचं बाजूचं चित्र रेफरन्स म्हणून आणा. नाक डावीकडे, म्हणजे वजा एक्सकडे. उलटं ठेवलंत तर विमान शेपटी पुढे करून उडेल.

५. चित्राची लांबी सुमारे ९ मीटर येईल इतकं ते मोठं करा.

६. नमपॅडवरचं ७ दाबून वरून दिसणारं चित्र त्याच मापात बसवा. पंखांची रुंदी ९.९ मीटरच्या आसपास यायला हवी. अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडला तर चित्रच ताणलेलं आहे. दुसरं शोधा.

फायटर

७. सोळा बाजूंचा सिलिंडर एक्स अक्षावर आडवा करून धडाच्या जागी ठेवा.

८. त्याचा अर्धा भाग पुसून मिरर मॉडिफायर लावा, अक्ष वाय. क्लिपिंगची खूण करायला विसरू नका, नाहीतर मधोमध फट राहते आणि ती नेमकी उन्हात चमकते.

९. कंट्रोल-आरने आडवे कट देत धड चित्राच्या कडेला बसवा. कट मोजके ठेवा. नाकाशी दाट, शेपटीकडे विरळ.

१०. पंख आणि शेपटी धडातूनच ओढून काढा.

११. आता मिरर अप्लाय करा. याच्या आधी पुढच्या पायरीला हात लावू नका.

१२. नाकाच्या डाव्या बाजूला सुपरचार्जरची हवा ओढणारी गोल नळी बसवा. १०९ ला ती फक्त डावीकडे असते. मिरर चालू असताना बसवलीत तर दोन नळ्या उगवतील, आणि जाणकार खेळाडूची नजर पहिली तिथेच जाते.

१३. पंखा, त्याची टोपी आणि प्रत्येक चाकाचा पाय हे वेगळे ऑब्जेक्ट करा. १०९ चे पाय धडाजवळ बिजागरलेले असतात आणि बाहेरच्या बाजूला, पंखात दुमडतात. जोडलेलं असताना ते दुमडलेलेच राहतात.

१४. प्रत्येक हलत्या भागाच्या बिजागराचे एक्स, वाय, झेड आकडे एन-पॅनेलमधून कागदावर उतरवा. ॲनिमेशनच्या फाइलमध्ये हेच आकडे हाताने लिहायचे आहेत.

बाँबर

१५. नवं कलेक्शन करून त्यात युंकर्सची चित्रं आणा. लांबी सुमारे १४.४ मीटर, पंख सुमारे २० मीटर. हे माप वैमानिकांच्या खोलीसह असलेल्या नेहमीच्या विमानाचं आहे. स्फोटकांच्या नाकाने लांबी बदलते, म्हणून आधी नेहमीचं चित्र मापात बसवा आणि मगच नाक कापा.

१६. सातव्या ते अकराव्या पायरीप्रमाणे धड आणि पंख उभे करा.

१७. इंजिनांची खोळ पुढून गोल करा. बघणाऱ्याला ते ताऱ्यासारख्या सिलिंडरांचं इंजिन वाटतं, पण आत यूमो २११ आहे, बारा सिलिंडरांचं, सरळ रांगांचं. गोल दिसतो तो पुढचा रेडिएटर. म्हणून तोंडाशी सिलिंडर काढू नका. जाळीचं कडं काढा.

१८. वैमानिकांच्या खोलीसकट पुढचा भाग कापून तिथे स्फोटकांचं नाक बसवा: जाड शंकू आणि त्यातून पुढे आलेला लांब सोंडेसारखा फ्यूज. पोटाखालचा तोफचीचा कप्पाही काढून टाका.

१९. चाकांची दारं बंद दाखवा आणि चाकं बनवूच नका. पहिली आवृत्ती हवेतूनच सुरू करू. चाकांच्या दोन जोड्या जमिनीवर टेकवणं हे स्वतंत्र काम आहे, आज नको.

जोड

इथे घाई करू नका. मिस्टलचा सगळा जीव या तीन आधारांत आहे.

२०. फायटर शून्यावरच राहू द्या आणि बाँबरचं कलेक्शन उचलून त्याच्या खाली आणा. शेवटपर्यंत उडतं ते फायटर, म्हणून मूळबिंदू त्याचा. बाँबर शून्यावर ठेवलात तर सुटल्यानंतर कॅमेरा आणि तोल दोन्ही रिकाम्या जागेभोवती फिरत राहतील.

२१. जोडीच्या बाजूच्या चित्रावरून फायटरच्या तुलनेत बाँबरचा कोन आणि उंची जुळवा. नजरेने ठरवू नका. मग फायटरच्या पंख्याचं वर्तुळ फिरवून पाहा. बाँबरच्या पाठीला पातं लागत असेल तर उंची चुकली आहे.

२२. पुढचे दोन आधार बनवा. प्रत्येक आधार म्हणजे बाँबरच्या पाठीवरून निघून फायटरच्या पंखाखाली एका बिंदूत मिळणाऱ्या दांड्या. ते बाँबरच्या कलेक्शनमध्येच ठेवा, कारण सुटल्यावर ते त्याच्याबरोबरच जातात.

२३. मागची एकेरी दांडी वेगळा ऑब्जेक्ट म्हणून बनवा, खालच्या टोकाला बिजागर. सुटताना आधी ही दांडी मोकळी होऊन मागे झोपते, फायटरची शेपटी किंचित खाली येते आणि मग पुढची कुलपं उघडतात. तिन्ही एकदम सोडलीत तर ते मिस्टल वाटत नाही.

२४. कंट्रोल-ए दाबून फक्त ‘रोटेशन अँड स्केल’ अप्लाय करा. ‘ऑल ट्रान्सफॉर्म्स’ला हात लावू नका, कारण सगळ्या भागांचे केंद्रबिंदू शून्यावर जातात.

२५. प्रत्येक ऑब्जेक्टला साधं, रोमन लिपीतलं, विशेष चिन्हं नसलेलं नाव द्या. नावाच्या शेपटीला ब्लेंडरने चिकटवलेले शून्य-शून्य-एक काढा. ॲनिमेशन नावावरून भाग शोधतं. एक अक्षर चुकलं तरी तो भाग जागचा हलत नाही.

२६. फायटर आणि बाँबर यांना वेगवेगळी टेक्स्चर द्या, प्रत्येकी २०४८ बाय २०४८.

२७. तीन फाइली एक्स्पोर्ट करा: एकटं फायटर, जोडलेल्या जागेवरचा बाँबर, आणि स्वतःच्या मध्यावर शून्य असलेला सुटा बाँबर. दुसऱ्या आणि तिसऱ्या फाइलीतल्या जागेचा फरक कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

फ्लाइटगिअर

२८. १०९ चं चालू जेएसबीसिम मॉडेल, म्हणजे उड्डाणाचं गणित करणारी फाइल, घ्या. नसेल तर एअरोमॅटिकमधून कच्चं तयार करून घ्या.

२९. त्यातला व्हीआरपी, म्हणजे त्रिमितीय मॉडेलचा संदर्भबिंदू, शून्यावर ठेवा, म्हणजे ब्लेंडरमधले आकडे जसेच्या तसे लागू पडतील.

३०. ‘जोडलेलं आहे’ अशा अर्थाची एक प्रॉपर्टी तयार करा. किंमत १ म्हणजे जोडलेलं, ० म्हणजे सुटलेलं. यापुढचं सगळं हिच्यावर टांगायचं.

३१. बाँबरचं वजन पॉइंट मास म्हणून घाला, आणि स्फोटकांचं सुमारे साडेतीन टनांचं नाक दुसरा पॉइंट मास म्हणून, पुढे. उडताना ही वजनं प्रॉपर्टीतून शून्य करायची आहेत आणि ती प्रॉपर्टी पौंडांत चालते: ३,५०० किलो म्हणजे सुमारे ७,७०० पौंड.

३२. बाँबरची उचल आणि ओढ वेगळी फंक्शन म्हणून लिहा आणि प्रत्येकीला त्या प्रॉपर्टीने गुणा. पंखांचं क्षेत्रफळ फंक्शनमध्येच आकडा म्हणून द्या, सुमारे ५४.५ चौरस मीटर. मूळ फाइलमधलं क्षेत्रफळ १०९ चं आहे, जेमतेम १६. तेच वापरलंत तर जोडी दगडासारखी खाली जाईल.

३३. बाँबरची दोन इंजिनं इंजिन म्हणून घालू नका. एक्स्टर्नल रिॲक्शनचं बळ म्हणून द्या, थ्रॉटल आणि तीच प्रॉपर्टी यांच्या गुणाकाराने. खरी इंजिनं घातलीत तर सुटल्यावरही त्यांचे बंद पंखे फायटरला मागे खेचत राहतील.

३४. जोडलेल्या बाँबरला सिलेक्ट ॲनिमेशन लावा: प्रॉपर्टी १ असेल तरच दिसेल.

३५. सुट्या बाँबरची सबमॉडेल म्हणून नोंद करा: संख्या १, पुनरावृत्ती नाही, वेग ०, एअरो-स्टॅबिलाइज्ड चालू. इथे अंतरं फुटांत आणि वजन पौंडांत लिहायचं. सत्ताविसाव्या पायरीतला मीटरचा फरक ३.२८ ने गुणून घ्या.

३६. त्याच नोंदीत बॉयन्सी २८ ठेवा. गुरुत्व ३२ फूट प्रति सेकंद वर्ग असल्याने उरतो चारच, आणि बाँबर सरळ कोसळण्याऐवजी उथळ कोनात लक्ष्याकडे सरकतो. ३२ वर नेलंत तर तो खाली येणारच नाही.

३७. नॅझल या फ्लाइटगिअरच्या स्क्रिप्टभाषेत सुटण्याची कळ लिहा, याच क्रमाने: मागची दांडी झोपवा, अर्धा सेकंद थांबा, मग प्रॉपर्टी ० करा, वजनं ० करा आणि सबमॉडेल सोडा. शेवटची तीन कामं एकाच फंक्शनमध्ये हवीत. वेगळी केलीत तर क्षणभर दोन बाँबर दिसतात किंवा एकही नाही.

३८. १,५०० मीटर उंचीवरून, सरळ उड्डाणात चाचणी सुरू करा.

३९. कळ दाबण्याआधी ट्रिम थोडा नाक-खाली करा. काही टनांचं ओझं एका झटक्यात जातं आणि १०९ नाक वर करून उसळतं. तरीही उसळी आवरत नसेल, तर ३१ व्या पायरीत जा आणि बाँबरचा पॉइंट मास थोडा मागेपुढे सरकवून पाहा.