एक टिंब

मंडळी, आज आपण एका चित्राचा धडा वाचू. चित्र अगदी साधे आहे. चौकोनी कापड आहे. त्यावर मधोमध एक मोठे, काळे, गोल टिंब आहे. माणूस नाही, झाड नाही, देव नाही. नुसते टिंब!

कोणी म्हणेल, "यात काय मोठेसे? हे तर आमचे पोरही काढील." विचारणे गैर नाही. पण उत्तर ऐकण्याआधी हे चित्र काढणाराची हकिगत ऐका.

त्यांचे नाव सय्यद हैदर रझा. जन्म 1922 सालचा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील जंगलखात्यात नोकरीला होते. त्यामुळे रझांचे बालपण रानात गेले. रात्री रानाची भीती वाटे. सकाळी ऊन पडले की जिवात जीव येई. नर्मदा नदी त्या मुलखातून वाहते. ती त्यांच्या मनात कायमची राहिली.

शाळेत रझांचे लक्ष लागत नसे. मन सारखे इकडेतिकडे धावे. असल्या मुलाला पुष्कळ मास्तर छडी दाखवतात. पण त्यांच्या मास्तरांनी वेगळे केले. भिंतीवर एक टिंब काढले आणि सांगितले, "याच्याकडे बघत बस." पोर बसले. हळूहळू धावरे मन एका जागी थांबले. रझा म्हातारपणीही ही गोष्ट लोकांना सांगत.

पुढे ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले. 1943 साली मुंबईस आले. पोटासाठी छपाईचे ब्लॉक करणाऱ्या ठिकाणी नोकरी धरली आणि चित्रकलाही चालू ठेवली. जे. जे. कलाशाळेतही शिकले. 1947 साली मुंबईत सहा कलावंतांनी मिळून एक मंडळ काढले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हे त्याचे नाव. त्यात रझा होते. गोव्याचे सूझा होते. विदर्भातले गाडे होते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन होते, ते पूर्वी सिनेमाच्या पाट्या रंगवीत. मूर्तिकार बाकरे होते. आणि आरा होते. या आरांनी लोकांच्या घरी घरगड्याचे काम केलेले होते. म्हणजे बघा, कला ही काही वाड्यातल्याच लोकांची मिरास नाही. ज्याने हात चालवला, त्याची ती.

त्याच सुमारास देशाची फाळणी झाली. रझांची भावंडे आणि त्यांची पहिली पत्नी पाकिस्तानात गेली. आईवडीलही त्याच एक-दोन वर्षांत वारले. घर असे चारी दिशांना पांगले. रझा मात्र इथेच राहिले. जिथे जन्मलो, तो आपला देश, असे त्यांच्या मनाने घेतले.

1950 साली ते चित्रकला शिकायला फ्रान्स देशात गेले. तिथेच त्यांनी संसार केला. 1956 साली तिकडच्या जाणकारांनी त्यांना मोठे बक्षीस दिले. नाव झाले, पैसा आला. पण मनाला चैन पडेना. चित्रे चांगली आहेत, पण यात आपला मुलूख कुठे आहे, हा प्रश्न त्यांना सतावू लागला. ते वरचेवर भारतात येऊ लागले. शोधता शोधता त्यांना शाळेतल्या भिंतीवरचे ते टिंब सापडले. 1980 च्या सुमारासपासून ते टिंब त्यांच्या चित्रांत येऊन बसले. त्याला ते बिंदू म्हणत. त्याभोवती काळा, पांढरा, तांबडा, पिवळा आणि निळा असे रंग त्यांनी मांडले. ही त्यांची पंचमहाभूते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. टिंबात काय असते? तुमची पाटी घ्या आणि 'रग' असा शब्द लिहा. आता र वर एक टिंब द्या. काय झाले? 'रंग' झाले! एका टिंबाने शब्द पालटला. बाजरीचा दाणा हेही एक टिंबच, त्यातून कणीस येते. दारापुढची रांगोळीही आधी ठिपक्यांची असते, मग रेघांची. टिंब म्हणजे सुरुवात. रझांनी रान, नदी, घर असे काही निराळे रंगवले नाही. ते सारे जिथून उगवते, ते बी रंगवले.

पोरानेही टिंब काढले असते, हे खरे. पण पोराचे टिंब पाटीवरून पुसले जाते. रझांनी आपले टिंब मनात पन्नास वर्षे सांभाळले. फरक तिथे आहे.

2010 साली रझांचे 'सौराष्ट्र' हे चित्र लंडनच्या लिलावात 16 कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. पण किंमत पाहून चित्र बघू नये. किंमत बाजार ठरवतो. आपण आपले डोळे वापरावेत. चित्र कळले नाही तर लाजू नये. थोडा वेळ त्याच्यापुढे थांबावे. अक्षरेही आपल्याला पहिल्या दिवशी कुठे कळली होती?

त्याच साली रझा कायमचे भारतात परतले. 2016 साली दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडला येथे वडिलांच्या कबरीजवळ पुरले. टिंबापासून निघालेला माणूस फिरून टिंबापाशी आला.

ज्या मास्तरांनी ते टिंब काढले, त्यांना खडूचा एक तुकडा आणि थोडा धीर एवढाच खर्च आला. तुमच्या घरातही एखादे पोर असेल, ज्याचे मन ठरत नाही. त्याच्यावर हात उगारण्याआधी हा धडा आठवा, एवढेच आमचे मागणे.

प्रश्न व काम
1. मास्तरांनी भिंतीवर टिंब का काढले?
2. फाळणीच्या वेळी रझा कुठे राहिले? का?
3. टिंब दिल्याने अर्थ बदलतो असे तीन शब्द लिहा.
4. कोळशाने भिंतीवर एक टिंब काढा. त्याकडे थोडा वेळ शांत बघा. मनात काय आले ते दोन ओळींत लिहा.